आकडा चौकटीत, अर्थ फेरफारात

हा सातबारा. वर गाव नमुना सात, खाली बारा. खातेदाराचं नाव, क्षेत्र, पोटखराबा, आकार, सगळं आपापल्या रकान्यात. आता एकच प्रश्न विचारू या: ही जमीन बोजामुक्त आहे का?

क्षेत्राच्या रकान्यात याचं उत्तर नाही. नजर ‘इतर अधिकार’कडे जाते. तिथे सोसायटीचा बोजा, शेजारी कंसात फेरफार क्रमांक. तो क्रमांक धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, उघडायची. इथे रकाने आटपतात आणि मजकूर बोलू लागतो: कोणी, कधी, किती कर्ज काढलं. तलाठी हे दोन मिनिटांत सांगतो. जागेवर सापडला तर.

संगणकाला मात्र रकान्यातून मजकुरात मारायची ही उडी जड जाते. तक्त्यातून आकडे काढणं आणि उताऱ्यातून उत्तर शोधणं, ही दोन कामं त्याला बराच काळ वेगवेगळीच शिकवली गेली.

२०२० साली संगणकाची हीच उडी तपासणारा ‘हायब्रिडक्यूए’ हा प्रश्नसंच आला. विकिपीडियावरचे सुमारे १३ हजार तक्ते, त्यांतल्या नावांना जोडलेले उतारे आणि जवळपास ७० हजार प्रश्न. नुसता तक्ता किंवा नुसता मजकूर वाचणाऱ्या प्रणालींची तंतोतंत बरोबर उत्तरं २० टक्क्यांच्या आतच राहिली. दोन्ही सांधून वाचणारी प्रणाली ४०च्या पुढे गेली. दुप्पट झाली खरी, पण पास म्हणावं अशी नाही.

पुढच्याच वर्षी ‘टॅटक्यूए’ आला. कंपन्यांचे १८२ खरे आर्थिक अहवाल आणि १६,५५२ प्रश्न. इथली मेख आकड्यात नाही, मापात आहे. ‘रक्कम हजारांत’ की ‘दशलक्षांत’, हे कुठेतरी बारीक अक्षरात असतं, कधी तक्त्याच्या माथ्यावर, कधी खालच्या उताऱ्यात. ते नजरेतून सुटलं, की वजाबाकी चोख आणि उत्तर हजारपटीने चूक. म्हणून या चाचणीत उत्तराबरोबर मापही तपासतात. जाणकार माणसांना शंभरपैकी ९०.८ गुण मिळाले, संशोधकांच्या प्रणालीला ५८.

पुन्हा आपला सातबारा. क्षेत्र १.२०. शेजारी एवढीशी अक्षरं: हे.आर.चौ.मी. म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळजवळ तीन एकर. यंत्राने ते १.२० एकर वाचलं, तर बांध न कोरताच पावणेदोन एकर गायब.