उशीवरची भाकरी
(सांगली येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी तयार होणाऱ्या पिशवीची कारणे आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया हा आजचा विषय आहे. त्याआधी मला तासगावकडच्या एका आबांविषयी सांगायचे आहे.

सत्तरी ओलांडलेले हे द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या सोबत दोन वर्षांच्या एक्स-रेंचा गठ्ठा होता. रात्री खोकल्याची उबळ, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया आणि घटत चाललेले वजन, एवढ्यावरून एका ठिकाणी त्यांना सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली होती, तर दुसऱ्या ठिकाणी दम्याचा पंप. थुंकीत क्षयाचे जंतू एकदाही सापडले नव्हते. त्यांच्या पत्नीने मला सांगितले, "रात्री खाल्लेली भाकरी सकाळी उशीवर असते, जशीच्या तशी." हेच त्यांनी आधीच्या प्रत्येक दवाखान्यात सांगितले होते आणि प्रत्येकाने ते 'पित्त' म्हणून सोडून दिले होते. याचे मला आजही वाईट वाटते, कारण निदान त्या एका वाक्यात होते. जठरातून परत येणारे अन्न आंबट असते. हे आंबट नव्हते, म्हणजे ते जठरापर्यंत पोहोचलेच नव्हते. एक्स-रेत उठून दिसणारे बेरियमचे द्रावण पाजून एक्स-रे काढला आणि मानेत लिंबाएवढी पिशवी दिसली. तिच्यात साचलेले अन्न आडवे झाल्यावर श्वासनलिकेत उतरत होते आणि खोकला त्याचा होता.

अशा पिशवीचे वर्णन लडलो या इंग्रज शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकातच केले होते. नाव मात्र एकोणिसाव्या शतकातील जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांचे मिळाले.

ती होते कशी, हे बागायतदारांना चटकन समजेल. मोटर चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह नीट उघडला नाही, तर पाइप जिथे कच्चा असेल तिथेच फुगतो. घसा आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावरचा क्रिकोफॅरिंजियस हा स्नायू म्हणजे तो व्हॉल्व्ह. वयोमानाने तो ताठर होतो, गिळताना पुरेसा सैल पडत नाही, आणि त्याच्या लगेच वर, मागच्या बाजूस, स्नायूंचे आवरण विरळ असलेल्या त्रिकोणातून आतले अस्तर बाहेर ढकलले जाते. म्हणून नुसती पिशवी कापून स्नायू तसाच ठेवला, तर ती पुन्हा होऊ शकते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे उरलेले थोडक्यात सांगतो. छातीच्या मध्यभागातील पिशव्या पुष्कळदा क्षयाच्या गाठी आकसताना अन्ननलिकेची भिंत ओढली गेल्याने होतात, आणि त्रास नसेल तर त्यांना हात लावत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याजवळच्या पिशव्यांमागे अन्ननलिकेच्या आकुंचनातील बिघाड असतो. त्रास असेल तर तिथेही पिशवी काढताना अन्ननलिकेचा स्नायू छेदावाच लागतो.

मानेतील पिशवीसाठी आज तोंडातून दुर्बीण घालून, पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत, जिच्यात तो स्नायू असतो, कापता येते. 1993पासून त्यासाठी स्टेपलर, म्हणजे कापतानाच कडा टाचणारे उपकरणही वापरात आहे. बाहेर जखम नसते आणि रुग्ण लवकर जेवू लागतो. मान मागे वाकत नसेल किंवा तोंड पुरेसे उघडत नसेल, तर मात्र मानेच्या डाव्या बाजूने उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. तिच्यात आवाजाच्या नसेला इजा आणि टाक्यांतून गळती हे धोके असतात. पिशवीची शंका असताना बेरियमचा एक्स-रे आधी करावा, कारण नकळत घातलेली दुर्बीण किंवा नाकातली नळी पिशवीत शिरून तिला भोक पाडू शकते.

आबांची मान ताठ होती. आम्ही बाहेरूनच स्नायू छेदला, पिशवी काढली, आणि गळती नाही याची खात्री झाल्यावर त्यांच्या पत्नीने त्यांना पहिली पेज पाजली.