पेन्सिली कोण खातंय?

श्रोतेहो, नमस्कार. हिमोग्लोबिन तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी तपासलंच असेल, ते काय असतं हे सांगत बसत नाही. सांगायचंय ते एवढंच, की हिमोग्लोबिन ठीक असूनही अंगात लोह कमी असू शकतं. पुन्हा सांगते, हिमोग्लोबिन ठीक, तरी लोह कमी.

माझ्याकडे एकदा सासू-सून आल्या. सासूबाईंची तक्रार वेगळीच. "डॉक्टरीणबाई, घरात पाटीवरच्या पेन्सिली टिकंनात! डबी आणली की चार दिवसांत खलास. नातवाला बडवला, तरी कबूल हुईना." नातू पहिलीतला. आता शाळांतून पाटी गेली हे मला मुळीच पटत नाही हं, अक्षराला वळण लागतं ते पाटीवरच. असो. माझं लक्ष सुनेच्या बोटांकडे गेलं. नखांत पांढरी पूड. "तूच खातेस ना गं?" म्हटलं, तर रडायलाच लागली. जिना चढताना धाप लागते, केस मुठीनं गळतात, आणि पेन्सिल दिसली की राहवत नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "अगं, पोराला फुकट मारला की मी!"

तिच्याजवळ आधीचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन 12.2. बाईमाणसाला 12 म्हणजे पास, कागदावर कुठे बाणसुद्धा नाही. "मनाचे खेळ" म्हणून कुणीतरी परत पाठवलेली. मी फेरिटिन करायला लावलं. आलं 6! फेरिटिन म्हणजे लोहाची कणगी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसात 15 च्या खाली कमतरता धरते. आधी कणगी रिकामी होते, हिमोग्लोबिन उतरतं ते शेवटी. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि काही आठवड्यांत तिची पेन्सिलीची ओढ गेली.

मग सासूबाई म्हणाल्या, "माझंबी करा की." त्यांचं फेरिटिन 58. वरवर छान. पण हाताची बोटं संधिवातानं सुजलेली! अंगात दाह किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन फुगून दिसतं, म्हणून अशा वेळी 70 च्या खालीही संशय धरायचा. सोबत सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी तपासणी, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय ते, केलं. सीआरपी वाढलेलं, सॅच्युरेशन जेमतेम 11 टक्के. लोह कमीच. पाळी तर कधीच गेलेली, मग हे लोह जातंय कुठे? त्यांच्या पिशवीतून दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या. दुर्बिणीतून पाहिलं, तर जठरात जखम. म्हणून सांगते, पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या खात बसू नका. रक्त कुठून जातंय ते डॉक्टरांकडून शोधून घ्या.

वेळ संपत आली. नुसतं सीरम आयर्न, म्हणजे रक्तात त्या घडीला फिरणारं लोह, करून भागत नाही, ते दिवसभरात वर-खाली होतं, आणि लोहाची गोळी घेऊन गेलात तर भलतंच वाढलेलं येतं. फेरिटिन विचारा. फेरिटिन, चिठ्ठीवर लिहून ठेवा. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर लोक चहाला रांग लावतात ते पाहून माझा जीव वर-खाली होतो. आणि गोळ्या सुरू झाल्या, तर हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून लगेच थांबवू नका. त्यापुढे साधारण तीन महिने घ्यायच्या असतात, कणगी भरायला तेवढे लागतात. नमस्कार.