निसर्गाची नजर कुठवर पोचते?

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना कारवीची ओळख करून द्यायला नको. सात-आठ वर्षं नुसता पाला. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस अख्खा उतार जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि बी धरलं की झुडपं उभीच्या उभी वाळतात. पुढच्या पावसाच्या सरी आल्या की वाळकी बोंडं ओलाव्याने तडतड फुटतात आणि बी लांब उडतं. मागे काठ्या तेवढ्या उरतात. त्यांचे कूड बांधून, वर शेणमाती लिंपून डोंगरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी केली.

या झुडपाला ना कीड लागली होती, ना पाणी कमी पडलं होतं. तरी ते मेलं. आपलं असं एकदम होत नाही. चाळिशीला चष्मा, पन्नाशीला गुडघे, साठीला रक्तदाबाची गोळी, असे आपण हप्त्याहप्त्याने म्हातारे होतो. पण का होतो?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे शरीर वापरून झिजतं. ते ऐकायला बरं वाटतं, पण टिकत नाही. मोडलेलं हाड सांधतं, भाजलेली कातडी भरून येते. जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९५७ साली नेमकं यावर बोट ठेवलं. एका पेशीपासून अख्खा देह घडवणं ही केवढी अवघड गोष्ट! ती ज्याला साधली, त्याला तयार देह नुसता टिकवणं का जमू नये? शिवाय झीजच म्हणायची तर ती साधारण सगळ्यांची सारखी हवी. प्रयोगशाळेतला उंदीर, कितीही बडदास्त ठेवा, दोन-तीन वर्षांत थकतो. उलट सैबेरियात खुणेचं कडं अडकवून सोडलेलं एक वटवाघूळ एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा जिवंत सापडलं. त्या जातीचं वजन जेमतेम सात ग्रॅम, म्हणजे उंदराच्या निम्म्याहूनही कमी. दोघेही सस्तनच.

दुसरं उत्तर जरा भारदस्त आहे. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवलं की म्हाताऱ्यांनी तरुणांना जागा करून द्यावी, म्हणून निसर्गानेच मरणाची सोय केली. हा विचार आजही पुष्कळांना आवडतो. मला वाटतं, आवडतो तो सोयीचा आहे म्हणून. समजा, एका कळपात सगळे ठरल्या वेळी मरतात आणि एखादाच मरायचं नाकारतो. त्याला पिल्लं जास्त होणार, आणि काही पिढ्यांत कळप त्याच्याच वंशजांनी भरणार. जागा करून देणारे बिचारे संपणार. आणि मुळात रानात म्हातारा होईपर्यंत जगतो कोण? ससा कोल्ह्याच्या तोंडी जातो, चिमणी थंडीने मरते, हरणाचं पाडस पहिलाच उन्हाळा पाहत नाही.

या साध्या प्रश्नातच उत्तर दडलेलं होतं. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना त्याचा सुगावा लागला तो एका आजारावरून. हंटिंग्टनचा आजार म्हणून एक भयंकर विकार आहे. हातपाय आपोआप हलू लागतात, पुढे बुद्धीही जाते. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. इतका घातक दोष निसर्गाने वेचून बाहेर का टाकला नाही? कारण तो बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो. तोवर मुलं झालेली असतात, आणि दोष त्यांच्याकडे गेलेला असतो. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

ही गोष्ट एका आजारापुरती नाही, हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९५१ साली दिलेल्या व्याख्यानात दाखवलं. त्यांचा दाखला होता प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांचा. मी आकडेमोड करून सांगतो. हजार नळ्या आहेत आणि दर महिन्याला हाताळताना शंभरातल्या दहा फुटतात. नळी जुनी झाली म्हणून फुटते असं नाही. नवी, जुनी, कोणतीही फुटते. वर्षाअखेर हजारांतल्या साधारण २८० उरतात. पाच वर्षांनी उरतात फक्त दोन! आता समजा, कारखान्यात असा एक दोष शिरला की पाच वर्षं झाली की नळीला आपोआप तडा जावा. कोणाच्या लक्षात येईल? हजारांत दोन नळ्यांचा प्रश्न. पण पहिल्याच महिन्यात तडा जाऊ लागला तर गहजब होईल.

सजीवांचं असंच झालं. तरुणपणी घात करणारा दोष निसर्गाच्या निवडीत टिकत नाही, कारण तो पुढच्या पिढीच्या आड येतो. उतारवयात घात करणारे दोष लाखो वर्षं साचत राहिले, कारण तिथवर पोचणारेच मूठभर होते. निवडीची नजर वयाबरोबर अधू होत जाते, आणि म्हातारपण म्हणजे त्या नजरेआड झालेला साठा. ते कोणी योजलेलं नाही.

विल्यम्सनी यात एक भर घातली, आणि मला तीच जास्त विचार करायला लावते. काही गुण तरुणपणी फायद्याचे आणि म्हातारपणी तोट्याचे असतात. त्यांचं कल्पित उदाहरण कॅल्शियमचं होतं. जो गुण हाडं भराभर पक्की करतो, तोच पुढे रक्तवाहिन्याही कडक करील. निसर्ग असा सौदा डोळे झाकून करतो. आज पेशींच्या पातळीवर अशी उदाहरणं दिसतात. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर पन्नासेक वेळा विभागून थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना असलेली टेलोमिअर नावाची टोपणं दर विभाजनात आखूड होत जातात, हे त्यामागचं एक कारण. हे थांबणं कर्करोगाला लावलेला लगामच आहे. पण थांबलेल्या पेशी मरत नाहीत. साचून राहतात आणि आसपास दाह पसरवतात. लांब टेलोमिअर म्हणजे लांब आयुष्य असं मात्र समजू नका. उंदराची टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात!

सिद्धांत झाला, परीक्षा कशी घ्यायची? स्टीव्हन ऑस्टॅड यांनी ती अमेरिकेत ओपॉसमवर घेतली. हा मांजराएवढा प्राणी, कांगारूसारखा पिल्लं पिशवीत वाढवणारा. मुख्य भूमीवर त्याला इतके शत्रू, की दुसरं वर्ष पाहणारे थोडे. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळच्या सॅपेलो बेटावर मात्र काही हजार वर्षं त्याला खाणारे मोठे प्राणीच नव्हते. मेडावार बरोबर असतील, तर तिथे म्हातारपण उशिरा यायला हवं. ऑस्टॅडनी दोन्हीकडचे ओपॉसम पकडून, गळ्यात रेडिओ बांधून सोडले. शेपटीतल्या कंडऱ्याचे तंतू काढून ते किती ताठरले हेही पाहिलं. वय वाढलं की ते ताठरतात, आपलेही ताठरतात. बेटावरच्या ओपॉसमांचे तंतू सावकाश ताठरत होते, माद्या सरासरी पाव पटीने जास्त जगत होत्या, आणि एका विणीला पिल्लं कमी होत होती. वटवाघळाचंही कोडं याच वाटेने सुटतं: ज्याला उडून जाता येतं, त्याच्या उतारवयाला किंमत असते. कारवीने नेमकं उलटं केलं, सगळी पुंजी एकाच मोसमात उधळली.

आता कोणी म्हणेल, पूर्वीची माणसं काटक होती हो, गावरान तूप खाऊन शंभरी गाठायची. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान साधारण बत्तीस वर्षांचं होतं. आज ते सत्तरच्या आसपास आहे. म्हणजे तेव्हा लोक तिशीत म्हातारे होत असंही नाही. लहान मुलं दगावत, म्हणून सरासरी खाली येई. म्हातारपण होतं तिथेच आहे. तिथवर पोचणारे वाढले.

माणसाच्या बाबतीत एक पेच उरतो. पाळी थांबल्यावर बाई आणखी वीस-तीस वर्षं जगते. जंगलातली चिंपांझी मादी पन्नाशी क्वचितच पाहते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांत पाहिलं की म्हाताऱ्या बायका दिवसभर कठीण जमिनीतून कंद उकरतात आणि नातवंडांचं पोट भरतात. आईच्या कडेवर तान्हं असताना मोठ्या भावंडाला हाच आधार. आजीमुळे नातवंडं जगत असतील, तर निसर्गाची नजर आजीपर्यंतही पोचते. हा तर्क अजून वादात आहे, पण आपल्यापैकी ज्यांना आजीने वाढवलं, त्यांना तो पटायला जड जाऊ नये.

राहिला औषधाचा प्रश्न. १९६४ साली कॅनडाची एक तुकडी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या एका औषधकंपनीत सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने रॅपामायसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. कंपनीने काम बंद केलं, तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. पुढे ते मूत्रपिंडरोपणातलं औषध झालं. पेशींना ‘वाढा, वाढा’ सांगणारा निरोप ते मंद करतं. बालपणी हा निरोप हवाच. उतारवयातही तो चालूच राहतो. २००९ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ते ६०० दिवसांच्या, म्हणजे चांगल्या उतारवयाच्या उंदरांना दिलं, आणि नर-माद्या दोघांचंही आयुष्य वाढलं. सहगल २००३ सालीच वारले होते.

म्हणून केमिस्टकडे धावू नका. या औषधाने प्रतिकारशक्ती दबते, तोंड येतं, साखर बिघडू शकते. आणि साचलेले दोष एक नाहीत, शेकडो आहेत, त्यामुळे एका गोळीने सगळे जातील असं सिद्धांतच सांगत नाही. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांवर रॅपामायसिनची चाचणी हाती घेतली आहे. ती कुत्री आपापल्या घरीच राहतात, मालकांबरोबर फिरायला जातात, आणि त्यांच्या हृदयाची तपासणी होत राहते. नमस्कार.