सहगुणक कुठून मोजायचे?

लातूरचा ट्युशन एरिया, रात्रीचे साडेनऊ. शेवटची बॅच सुटलीय, पोरं सायकली काढायलेत, आणि क्लासच्या मागच्या खोलीत फळ्यावर एकच बहुपदी उरलीय, एक्सचा घन, वजा सहा एक्सवर्ग, अधिक अकरा एक्स, वजा सहा. ह्याची मुळं १, २ आणि ३, नववीतलं पोरगंबी किंमत टाकून तपासून सांगेल.

आमच्या एआय एजंटनं सांगितलं १, अर्धा आणि एक तृतीयांश.

एरर काहीच नाय. एकदम आत्मविश्वासानं, नीट मांडून दिलेलं उत्तर, आणि चूक.

एजंट म्हणजे टूल वापरून काम करणारं भाषेचं मॉडेल, आणि गणितासाठी त्याला दिलेलं टूल मी आणि क्लासमधल्या एका पोरीनं मिळून पायथनमध्ये लिहिलं. मुळं काढा, अवयव पाडा, भागाकार करा, एवढंच काम. भाषेचं मॉडेल लांबलचक आकडेमोडीत घसरतं म्हणून गणित त्यानं स्वतः न करता टूलकडं पाठवायचं. जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनं, म्हणजे एजंटला टूल जोडायच्या ठरलेल्या पद्धतीनं, जी अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली, आणि त्यात एजंटला आपला कोड दिसतच नाय, दिसतं फक्त टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणत्या फील्डमधी काय भरायचं ते. म्हणजे त्याच्यासाठी डॉक्युमेंटेशन हेच टूल.

आणि आमच्या वर्णनात काय होतं, तर "सहगुणकांची यादी द्या". सहगुणक म्हणजे प्रत्येक पदातला आकडा, पण यादी कुठून सुरू करायची ते नव्हतं. एजंटनं स्थिरपदापासून पाठवली, वजा ६, ११, वजा ६, १. टूलनं ती मोठ्या घातापासून वाचली. अन् यादी उलटी झाली की प्रत्येक मूळ उलटं होतं, दोनचं अर्धा, तीनचं एक तृतीयांश, एक मात्र एकच राहतो, म्हणून पहिल्या नजरेत चूक दिसतबी नाय. एजंटला तरी काय म्हणायचं, नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी, तिचं जुनं रूट्स फंक्शन मोठ्या घातापासून वाचतं आणि त्याच नमपायचं नवं पॉलिनॉमियल मॉड्यूल लहान घातापासून, दोन्ही पद्धती जगात चालू आहेत.

आमी उदाहरण दिलं होतं की! १, २, १. सरांनी ते बघितलं आणि खडू खाली ठेवला.

"पोराहो, हे दोन्हीकडून सारखंच वाचता येतंय. ह्याच्यातून त्याला काय कळणार? नववीचं पुस्तक काढा."

नववीच्या पुस्तकात सहगुणक रूप आहे, मोठ्या घातापासून उतरत यायचं आणि जे पद नाही तिथं शून्य लिहायचं. आता आमचं उदाहरण आहे एक्सचा घन वजा एक, म्हणजे १, ०, ०, वजा १. उलटं वाचलं तर लगेच चिन्हं बदलतात, आणि शून्यं विसरून कुणी १, वजा १ दिलं तर ती एक्स वजा एक होते, हेबी तिथंच लिहिलंय. फील्डचं नावच बदललं, नुसतं "सहगुणक" न ठेवता "सहगुणक मोठ्या घातापासून".

इथं मला देवगिरी आठवते. सिंघण यादवाच्या दरबारचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर पाटणला आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत आणि लिहिताना नुसतं या, का, नी. ही खूण कशाची ते आधी माहीत नसेल तर पुढचं गणित कुणाला लागेल?

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या एका इशाऱ्यावर. ब्रिटिश गणिती जेम्स विल्किन्सन ह्यांची बहुपदी आहे, मुळं १ ते २० पूर्णांक, एकोणिसाव्या घाताचा सहगुणक वजा २१०. त्यातून फक्त एक भागिले ८३ लाख ८८ हजार ६०८ एवढं वजा करा, वीसपैकी दहा मुळं वास्तव राहतच नाहीत. म्हणून आता वर्णनात लिहिलंय की दशांशात गोलाकार केलेले आकडे देऊ नका, एक तृतीयांश असेल तर अपूर्णांकच पाठवा, आणि उत्तर अचूक आहे का अंदाजे ते टूल प्रत्येक वेळी सांगेल. उत्तर ज्या साच्यात परत येतं त्या जेसनमधी संमिश्र संख्येचा प्रकार नसतो, तर वास्तव भाग आणि काल्पनिक भाग वेगळे येतात.

एररचा मेसेज पोरीनं बदलला. आधी होतं "अवैध इनपुट". आता येतं, "यादी रिकामी आहे, किमान एक सहगुणक द्या". तिनं मुद्दाम रिकामी यादी पाठवायला लावली, एजंटनं मेसेज वाचला, यादी भरून परत पाठवली.

"सर, दुरुस्त केलं त्यानं स्वतःच!"

"फळ्यावरचं टाक आता."

१, वजा ६, ११, वजा ६. उत्तर आलं १, २, ३.

सरांनी फळा पुसला आणि लिहिलं, एक्सवर्ग वजा दोन. परिमेय संख्यांत ह्याचे अवयव पडत नाहीत, वास्तव संख्यांत पडतात, आणि आमच्या वर्णनात लिहिलंय नुसतं "अवयव पाडा".