जोडीनृत्याचा पाया : ठेका, भार आणि ताण

मित्रहो, नाशिकमध्ये लिंडी हॉप, म्हणजे स्विंग या जाझ संगीतावरचे अमेरिकी जोडीनृत्य, शिकायला येणारी तरुण मंडळी बहुधा जोडीदाराला हवेत उडवणारी एखादी चित्रफीत पाहून आलेली असतात. त्या उड्यांनाही इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह उघडले, तेथे कृष्णवर्णीय नर्तकांनी हे नृत्य फुलवले आणि १९३५ मध्ये तेथील नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी त्यात उडी आणली. परंतु सॅव्हॉयला संध्याकाळी येणारी बहुसंख्य माणसे जमिनीवरच नाचत, आणि मला आज त्या जमिनीवरच्या नाचाविषयी बोलायचे आहे.

स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, आणि लय जलद झाली की हा फरक कमी होत जातो. नाशिक ढोलावर वाढलेल्या मुलांना ठेका समजावून सांगावा लागत नाही, मात्र त्यांचे पाऊल सरळ आणि जोरकस पडते. येथे गुडघे सैल ठेवून तो ठेका अंगात मुरवावा लागतो. ट्रिपल स्टेप म्हणजे दोन मात्रांत तीन पावले. यातले प्रत्येक पाऊल नुसते टेकवून चालत नाही, अंगाचा भार त्यावर पूर्ण जावा लागतो, कारण तो कोणत्या पायावर आहे हे जोडीदाराला हातातून कळत असते.

प्राथमिक आकृती सहा मात्रांची आहे : रॉक स्टेपच्या (एक पाऊल मागे टाकून भार पुन्हा पुढच्या पायावर आणण्याच्या) दोन, मग दोन ट्रिपल स्टेप. संगीत मात्र आठ मात्रांच्या चरणांनी चालते, म्हणून दोघांची सम २४ मात्रांनी जुळते. आवर्तन मोजण्याची सवय असलेल्यांना हे अस्वस्थ करते, आणि ते प्रत्येक चरणाला सम गाठू पाहतात. तसे करू नये. या विसंगतीतच नाचाची मजा आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दोघांमधला ताण. फुगडीत दोघी मागे रेलतात आणि एकमेकींच्या भारावर तोलल्या जातात. लिंडी हॉपच्या स्विंग-आउटमध्ये, म्हणजे जोडीदाराला जवळ आणून पुन्हा दूर सोडण्याच्या आठ मात्रांच्या आकृतीत, असाच ताण क्षणभर निर्माण होतो आणि लगेच गतीत विरतो. हाताने ओढणे ही चूक आहे. नेणाऱ्याने आपले धड हलवावे, हात केवळ निरोप पोहोचवतो. आणि अनुसरणाऱ्याने पुढची हालचाल आधीच ओळखून उरकू नये. म्हणून प्रत्येकाने, स्त्री असो वा पुरुष, सुरुवातीपासून दोन्ही भूमिका शिकाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सरावासाठी जाझ संगीतकार काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाच्या मध्यम लयीतल्या रचना घ्याव्यात, मिनिटाला सुमारे १३० मात्रांच्या. प्रथम हात न धरता केवळ ठेक्यावर चालावे, मग सहा मात्रांची आकृती, ती जोडीदार बदलूनही टिकली की स्विंग-आउट. उड्यांचा विचार जाणकार शिक्षक आणि खाली गादी असेल तेव्हाच करावा.