पोथीच्या समासात बदक ओरडतं

(पडद्यावर: पानाचा खालचा भाग, अगदी जवळून.)

एक कोल्हा बदक पळवून नेतोय. बदक अजून जिवंत आहे. त्याच्या चोचीपाशी बारीक अक्षरांत त्याचा आवाज लिहिलाय: 'क्वेक'.

(दृश्य हळूहळू मागे सरकतं. पूर्ण पान दिसतं.)

आणि वर? वर देवाची प्रार्थना आहे. ठसठशीत काळी लॅटिन अक्षरं, ओळीच्या सुरुवातीला सोन्याचा वर्ख. ही बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांची पोथी आहे, इंग्लंडच्या पूर्व भागात साधारण १३१० ते १३२४ या काळात तयार झालेली. गॉर्लस्टन गावच्या चर्चशी तिचं नातं, म्हणून तिला गॉर्लस्टन सॉल्टर म्हणतात. सातशे वर्षं या पानावर प्रार्थना आहे आणि सातशे वर्षं तिच्या पायाशी ते बदक ओरडतंय.

पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेला आपण समास म्हणतो. शाळेच्या वहीत लाल रेघ मारून आखतो तोच. या पोथ्यांचे समास चांगले ऐसपैस असत. वासराचं किंवा मेंढीचं कातडं चुन्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं, खरवडून पातळ करायचं, मग त्यावर रेघा आखायच्या. लेखनिक पिसाच्या लेखणीनं मजकूर उतरवी. मग सोनं चढे आणि सगळ्यात शेवटी रंग. निळ्यातला सगळ्यात महागडा निळा अफगाणिस्तानच्या डोंगरांतल्या लाजवर्दाचा. इतक्या मोलाच्या पानावर, तेराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षं, इंग्लंड, उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडच्या प्रदेशात) माकडं, ससे, गोगलगायी आणि अर्धी माणसं-अर्धे मासे यांची गर्दी उसळली.

ही चित्रं आज मोबाइलवर फिरतात तेव्हा खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: मठात बसून कंटाळलेल्या भिक्षूनं गुपचूप काढलेली गंमत. ही ओळ मला फार खटकते, कारण ज्यांनी ही कामं केली त्यांचं श्रेय ती हिरावून घेते. या काळातल्या पुष्कळ पोथ्या शहरातल्या कारखान्यांत होत. लिहिणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, आणि दोघंही रोजीरोटीसाठी काम करणारे संसारी कारागीर. शिवाय पोथी ज्याच्या पैशानं होई तो ती रोज उघडून वाचणार होता. त्याच्यापासून लपवणार काय?

(पडद्यावर: घोड्यावरचा सरदार, निळ्या-रुपेरी पोशाखात.)

हे सर जेफ्री लट्रेल, लिंकनशरमधल्या अर्नम गावचे जमीनदार. मृत्यू १३४५ साली. त्यांच्या स्तोत्रांच्या पोथीत, या चित्राच्या वर, लॅटिनमध्ये एक वाक्य आहे. पोथीच बोलते: 'मला जेफ्री लट्रेल यांनी करवून घेतलं.' श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' आठवतं ना? तोच अभिमान. आणि त्याच पोथीत एक माकड बकरीवर स्वार होऊन शिकारीला निघालंय. सरदाराच्या मनगटावर ससाणा असतो, माकडाच्या हातावर घुबड! ही थट्टा लट्रेल यांच्याच थाटाची आहे, त्यांच्याच पैशानं काढलेली आणि त्यांच्याच प्रार्थनेच्या पुस्तकात.

या पोथीपाशी थोडं थांबू या. समासात फक्त थट्टा नाही. बैलांचा नांगर चाललाय. पुढच्या पानावर पेरणी, आणि पेरणाऱ्याच्या पाठीमागे बियाण्याच्या पोत्यावर एक कावळा निवांत बसून दाणे टिपतोय. दुसऱ्या कावळ्यामागे कुत्रा धावतोय, आणि हा पोत्यावरचा मात्र कुणाच्या नजरेत नाही. मग बायकांची कापणी. भरलेली गाडी चढावर ओढताना घोडे आणि माणसं दोघांचीही दमछाक. एक बाई कोंबड्यांना दाणे टाकतेय, सूत काढायची काठी काखेत तशीच. एक पोरगा झाडावर चढून चेरी चोरतोय आणि खाली मालक सोटा घेऊन उभा. ज्याच्या शेतावर असा कावळा आलाय त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. १९२९ साली ब्रिटिश म्युझियमनं ही पोथी ३१,५०० पौंडांना घेतली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

(पडद्यावर: धनुष्य ताणलेला ससा.)

त्याच लायब्ररीत एक जाडजूड कायद्याचं पुस्तक आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ साली जारी केलेला चर्चच्या कायद्यांचा संग्रह. ही प्रत लिहिली गेली दक्षिण फ्रान्समध्ये, समास कोरेच राहिले, आणि पुढे लंडनमध्ये १३४०च्या सुमाराला कुणीतरी ते चित्रांनी भरून काढले. लिहिणारा एका देशात, चितारी दुसऱ्या देशात आणि मध्ये काही दशकं! कंटाळलेल्या लेखनिकाची गोष्ट इथं तरी टिकत नाही. लंडनमधल्या स्मिथफील्डच्या सेंट बार्थोलोम्यू मठाकडे ही प्रत होती, म्हणून तिचं नाव स्मिथफील्ड डिक्रीटल्स.

पानं उलटत जा. ससा शिकाऱ्याला बाण मारतो. सगळे ससे मिळून त्याला बांधतात, न्यायासनासमोर उभा करतात आणि त्याचं मुंडकं उडवतात. मग पाळी शिकारी कुत्र्याची. त्याला पकडतात, त्याचा खटला चालतो, गाडीत घालून नेतात आणि फासावर चढवतात. सगळं रीतसर, एकही पायरी न गाळता! इंग्लंडमध्ये तेव्हा ससे पाळायची कुरणं जमीनदारांची असत, आणि तिथला ससा चोरून मारणाऱ्या गरिबाला खरोखरच कोर्टात उभं राहावं लागे. इथं चर्चचा कायदा वर छापील वाटावा इतक्या नीटस अक्षरांत, आणि खाली न्यायाधीश म्हणून ससा. हे पुस्तक कायदा शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी वापरायचं होतं. ते मोठ्यानं हसले असणार, असं मला मनापासून वाटतं.

गोगलगायीचं काय? चिलखत घातलेला योद्धा तलवार उपसून गोगलगायीशी लढतोय. कधी तलवार टाकून तिच्यापुढे गुडघे टेकतोय. लिलियन रँडल या अभ्यासक बाईंनी १९६२ साली अशी सत्तर चित्रं एकोणतीस पोथ्यांतून शोधून काढली. त्यांचं म्हणणं, ही व्याजानं पैसे देणाऱ्या, उत्तर इटलीतल्या लोम्बार्ड सावकारांची टिंगल. त्याच्याही शंभर वर्षं आधी एका फ्रेंच संशोधकाला शिंपल्यातून बाहेर येणाऱ्या गोगलगायीत थडग्यातून उठणारा मृत दिसला होता. मला दोन्ही अर्थ थोडे ओढूनताणून वाटतात. भित्र्या शूराचं चित्र एका पोथीत आवडलं, म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकानंही तसंच मागितलं, असंही सहज झालं असेल.

हे सगळ्यांनाच पसंत होतं असं मात्र नाही. पोथ्यांत ही गर्दी होण्याच्या कितीतरी आधी, ११२५च्या सुमाराला, फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी मठांच्या खांबांवरच्या अशाच कोरीव माकडांवर आणि अर्धमानवांवर कडाडून टीका केली. एका डोक्याला अनेक धडं, एका धडाला अनेक डोकी, हे इथं कशासाठी? आणि शेवटी ते म्हणतात की या वेडगळपणाची लाज वाटत नसेल, तर निदान खर्चाची तरी वाटू द्या. पण टीका करताना त्यांनी एकेक प्राणी इतक्या बारकाईनं मोजलाय, की ते त्या खांबांपाशी बराच वेळ उभे राहिले होते हे लपत नाही.

(पडद्यावर: दोरी ओढणारा माणूस.)

माझं सगळ्यात आवडतं पान अमेरिकेत, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स आर्ट म्युझियममध्ये आहे. इंग्लंडमध्ये १३००च्या सुमाराला केलेलं प्रार्थनेचं पुस्तक. लिहिताना लेखनिकाची एक ओळ राहून गेली. आपल्याकडे अशा वेळी काकपदाची खूण करून राहिलेली अक्षरं समासात लिहीत, आणि चुकीचं लिहिलेलं पुसायला त्यावर पिवळी हरताळ फासत. तो वाक्प्रचार अजून आपल्या तोंडी आहे. इथं ती राहिलेली ओळ पानाच्या तळाशी लिहिली, आणि चिताऱ्यानं तिला दोरी बांधली. समासात एक माणूस ती दोरी धरून अख्खी ओळ वर खेचतोय, जिथं ती हवी होती तिथं. एकाची चूक दुसऱ्यानं किती मायेनं सावरून घेतली आहे!

(पडद्यावर: पॅरिसमधल्या पोथीचं पान.)

अशी माणसं कशी दिसत? चौदाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये रिशार द मोंबास्तों आणि त्यांची पत्नी जान, दोघंही पोथ्या रंगवत. त्यांनी रंगवलेल्या एका प्रेमकाव्याच्या पोथीत, पानाच्या तळाशी, एक पुरुष आणि एक बाई आपापल्या मेजाशी काम करताना दिसतात. ते बहुधा हे दोघंच असावेत. मागे दांडीवर नुकती झालेली पानं सुकायला टाकली आहेत. रिशार गेल्यावर, १३५३ साली, जान यांनी पॅरिस विद्यापीठापुढे ग्रंथव्यवसायाची शपथ घेतली आणि काम स्वतःच्या नावावर पुढे चालू ठेवलं.

चित्रात अजून दोघंही आहेत. दोघांच्याही माना पानावर झुकलेल्या.