३९ मिनिटं : मुंबई टाइमची गोष्ट

[राजाबाई टॉवर. कॅमेरा पायथ्यापासून घड्याळापर्यंत वर सरकतो. मागे ओव्हलवरच्या क्रिकेटचा आवाज.]

हे घड्याळ चालू आहे. पण ते दाखवतंय ती वेळ मुंबईची नाही. ती आहे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे इथून हजार-बाराशे किलोमीटर लांब, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या बाजूची. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा या काट्यांवर साधारण १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे.

या ३९ मिनिटांपायी हे शहर जवळजवळ पन्नास वर्षं सरकारपुढे अडून बसलं होतं.

[सूर्योदय. आधी गेटवे, मग पर्वती, मग नागपूरचा फुटाळा तलाव.]

पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. त्यामुळे मुंबईत भर दुपारचे १२ वाजतात तेव्हा पुण्यात १२ वाजून ४ मिनिटं झालेली असतात, नागपुरात १२ वाजून २५, आणि कलकत्त्यात तर १ वाजून २ मिनिटं. शेकडो वर्षं हे असंच होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. बैलगाडीने पुण्याला जाणाऱ्याला ४ मिनिटांशी काय देणंघेणं? ज्या गावचा सूर्य, त्या गावची वेळ.

अडलं ते आगगाडीचं. एकाच रुळावरून दोन गाड्या समोरासमोर येणार असतील तर दोन्ही स्टेशनमास्तरांच्या घड्याळात एकच वेळ हवी. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्येच सगळ्या मार्गावर लंडनची वेळ लावली. अमेरिकेत १८ नोव्हेंबर १८८३ या दिवशी रेल्वे कंपन्यांनी आपापसात ठरवून देशाचे पट्टे पाडले. अनेक गावांत त्या दिवशी दोनदा दुपार झाली. सरकारचा कायदा यायला पुढे ३५ वर्षं लागली.

[कुलाबा. समुद्र, झाडी, वेधशाळेच्या परिसरातली जुनी दगडी इमारत.]

पावसाळ्यात रोज बातम्यांत ऐकू येतं ते हेच कुलाबा. सांताक्रूझला इतके मिलिमीटर, कुलाब्याला इतके. ईस्ट इंडिया कंपनीने इथली वेधशाळा १८२६ मध्ये उभारली ती मात्र पावसासाठी नव्हे. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी होती. वेळ चुकली की रेखांश चुकतो, आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर.

[जुनं ट्रान्झिट उपकरण, जवळून. भिंगातल्या उभ्या तारा.]

मुंबईची वेळ इथे तयार व्हायची. तयार व्हायची हे अगदी शब्दशः. ही दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण रेषेत वरखाली फिरते, डावीउजवीकडे हलत नाही. भिंगात बारीक उभ्या तारा ताणलेल्या असतात. निरीक्षक डोळा लावून बसायचा, कान शेजारच्या घड्याळाच्या टिकटिकीवर. ओळखीचा तारा एकेक तार ओलांडत जायचा आणि हा मनात सेकंद मोजत, ओलांडल्याचा क्षण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजून टिपून ठेवायचा. मग गणित. तारा कुठल्या क्षणी तिथे असायला हवा होता, घड्याळाने कुठला क्षण सांगितला, दोन्हींत फरक किती. तो फरक म्हणजे घड्याळाची चूक. आभाळ मोकळं असेल त्या रात्री पुन्हा तेच.

अशा वेधशाळेत १८४०च्या सुमारास एक कोवळा मुलगा कामाला लागला. अलिबागजवळच्या नागावचा, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात प्राध्यापक झालेले केरूनाना ते हेच. आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी पंचांगाचं गणित जुळलं पाहिजे म्हणून १८६५ मध्ये त्यांनी जे पंचांग सुरू केलं, ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं. टिळकांना गणित शिकवलं तेही त्यांनीच. वेळेचा इतिहास सांगणाऱ्या चित्रफितींत ग्रीनिच येतं, लंडन येतं. कुलाब्याच्या भिंगाला डोळा लावून बसलेली ही माणसं येत नाहीत. म्हणून आम्ही इथे जरा जास्त थांबलो.

तर कुलाब्याहून निघालेली वेळ बंदरात पोचायची. उंच खांबावरचा मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली यायचा आणि जहाजांवरचे लोक आपापली क्रोनोमीटर जुळवून घ्यायचे. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. हा झाला मुंबई टाइम.

[चेन्नई, नुंगमबाक्कम. हवामान केंद्राच्या आवारातला दगडी स्तंभ. त्यावरची अक्षरं.]

आणि हा त्याचा प्रतिस्पर्धी. मद्रासची वेधशाळा १७९२ची. या ग्रॅनाइटच्या खांबावर कोरलेल्या लेखात लॅटिन आहे, तमिळ आहे, तेलुगूही आहे. जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८०२ मध्ये इथला रेखांश मोजून मद्रासची वेळ ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे ठरवली. मुंबईच्या बरोबर अर्धा तास पुढे, कलकत्त्याच्या अर्ध्या तासाने मागे. देशभर रूळ पसरले तेव्हा रेल्वेला ही मधली वेळ सोयीची वाटली. तारयंत्रानेही तीच धरली.

[छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. सकाळची गर्दी. फलाटावरचं घड्याळ.]

म्हणजे स्टेशनाच्या आत मद्रास आणि बाहेर मुंबई. गाडी धरायची तर अर्धा तास मिळवायचा, दुकान उघडायचं तर वजा करायचा. कटकट होती, पण लोकांच्या अंगवळणी पडली होती.

ती गव्हर्नरांच्या अंगवळणी पडेना. सर जेम्स फर्ग्युसन, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. १८८१च्या अखेरीस त्यांच्या सरकारने हुकूम काढला, यापुढे मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांत मद्रास टाइम चालेल. शहराला विचारलं नाही. शहराच्या लक्षात मात्र बरोबर आलं. व्यापारी बिथरले, वर्तमानपत्रं तुटून पडली. शेकडो मैलांवरच्या मद्रासचा सूर्य आमच्या कचेरीत कशाला?

[पुन्हा राजाबाई टॉवर. रात्र. घड्याळाची उजळलेली तबकडी.]

भांडणाचं ठाणं होतं हा मनोरा. कापसाच्या व्यापारात अफाट पैसा कमावणाऱ्या प्रेमचंद रायचंदांनी देणगी दिली, आईचं नाव दिलं, आणि १८७८ मध्ये २८० फुटांचा हा टॉवर पुरा झाला. राजाबाईंना दिसत नव्हतं, त्या सूर्यास्ताआधी जेवत, वेळ कळावी म्हणून मुलाने टोल बसवले, अशी गोष्ट सगळे सांगतात. खरी असो नसो, ज्या घड्याळावर पुढे एवढं रामायण घडलं त्याच्या गोष्टीतही सूर्यच आहे.

सरकारचं म्हणणं, टॉवरने मद्रास टाइम दाखवावा. टॉवर मुंबई विद्यापीठाचा, आणि विद्यापीठाच्या सिनेटने मुंबई टाइमच्या बाजूने कौल दिला. मग सरकारने हात आखडता घेतला, सरकारी वेळ दाखवणार नसाल तर रात्रीच्या दिव्यांचा खर्च मिळणार नाही. एवढं मोठं साम्राज्य, आणि बोलणं येऊन थांबलं दिवाबत्तीच्या पैशांवर. शेवटी १८८३ मध्ये सरकारने हुकूम मागे घेतला. पहिली फेरी मुंबईने जिंकली.

[जगाचा नकाशा. रेखांश एकेक करून उमटतात.]

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८८४ मध्ये, वॉशिंग्टनला २५ देश जमले. ग्रीनिचची रेषा शून्य मानायच्या ठरावाला २२ देश अनुकूल, सान डोमिंगो विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. याच परिषदेत जगाचे टाइम झोन ठरले असं सर्रास सांगितलं जातं. ते तसं नाही. तिथे शून्य रेषा आणि जागतिक दिवस कुठून मोजायचा एवढंच ठरलं. पट्टे ज्याने त्याने नंतर, आपल्या सवडीने आणि आपल्या राजकारणाने पाडले. फ्रान्सने तर १९११ पर्यंत दाद दिली नाही, आणि दिली तेव्हाही कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली, असं लिहिलं. मुंबईकराला हा हट्ट चांगला कळेल.

[लालबाग-परळ. गिरणीची चिमणी. पडक्या भिंती, मागे काचेचे मनोरे.]

१ जानेवारी १९०६. हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मद्रासला घड्याळ ९ मिनिटं पुढे करावं लागलं, मुंबईला ३९. बंगालच्या फाळणीला तीन महिनेही झाले नव्हते. स्वदेशीची हवा तापलेली होती, आणि त्यात सरकारने आता वेळही बदलली.

गिरणी कामगाराला राजकारणाच्या आधी भोंगा ऐकू आला. घड्याळ पुढे सरकलं, भोंग्याचा आकडा तोच ठेवला, तर अंथरूण सोडायचं ३९ मिनिटं आधी, जानेवारीच्या अंधारात. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांचे तास आधीच लांबत चालले होते. त्या जानेवारीत जेकब ससून मिलमध्ये हजारो कामगारांनी काम करायला नकार दिला. दगडफेक झाली. त्या दिवसाचं चित्र कुठे नाही, म्हणून ही चिमणी दाखवतोय. शहरात सभा झाल्या, विरोधाच्या अर्जावर १५ हजारांहून जास्त सह्या पडल्या.

[ड्रोन. एका बाजूला टर्मिनस, समोर महापालिकेची इमारत, मध्ये वाहनांची रांग.]

हे दृश्य नीट पाहा. या बाजूला रेल्वे, तिने नवी वेळ घेतली. समोर महापालिका, तिने आपल्या ताब्यातल्या घड्याळांवर मुंबई टाइमच ठेवला. मध्ये एक रस्ता. तो ओलांडला की ३९ मिनिटं इकडची तिकडे.

[जुन्या लग्नपत्रिका. बोट एका ओळीवर थांबतं.]

लोकांनी यातून वाट काढली. लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ (स्टँडर्ड टाइम) छापलं जायचं, म्हणजे कोकणातून आलेला पाहुणा अक्षता पडून गेल्यावर दारात उभा राहू नये. काही अग्यारींमधली घड्याळं आजही मुंबई टाइमच दाखवतात असं पारशी मंडळी सांगतात. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, तेव्हा कॅमेरा दाराशीच थांबला.

कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबईने १९५५ मध्ये. तेव्हा सरकार आपलंच होतं, कुणी दगड उचलला नाही.

[आसाम. चहाचा मळा. पहाटेचं लख्ख ऊन, पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका.]

इथे मात्र अजून मिटलेलं नाही. उन्हाळ्यात ईशान्येत सूर्य साडेचारच्या आत वर येतो, आणि कचेऱ्या उघडतात दिल्लीबरोबर. मळ्यांनी इंग्रजांच्या काळापासून आपला वेगळा बागान टाइम ठेवलाय, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन वेळांचा आराखडा मांडला. रेल्वेचा गोंधळ होईल या भीतीवर त्यांचं उत्तर तयार होतं: दोन्ही वेळांची सीमा पश्चिम बंगाल आणि आसाम यांच्या मध्ये ठेवायची, म्हणजे घड्याळ बदलावं लागेल ते न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्थानकांवर. पुढच्या वर्षी सरकारने संसदेत सांगितलं, दोन वेळा होणार नाहीत.